कुलपावरचं घड्याळ

आमच्या घरात बल्ब गेला की मी देवाचं नाव घेते. अंधाराची भीती नाही मला. भीती बल्ब बदलायच्या कार्यक्रमाची.

बाकीच्या घरांत काय करतात? स्टूल घेतात, वर चढतात, जुना काढतात, नवा लावतात, झालं. आमच्याकडे आधी दाराजवळचा मेन स्विच पडतो. पंखा बंद, फ्रिज बंद, मिक्सरमधलं वाटण अर्धवट. मग मला त्या मेन स्विचपाशी उभं केलं जातं आणि तिथून हलायचं नाही. का, तर कोणीतरी चुकून वर करील. अहो, घरात आम्ही दोघंच, मुलगी शिकायला बाहेरगावी. कोण करणार वर? पाल? पण नाही. आतून आवाज येतो, "आहेस ना?" मी म्हणायचं, "आहे." मिनिटभराने पुन्हा "आहेस ना?", पुन्हा "आहे." एकदा मी चिडून गप्प राहिले, तर हे स्टुलावरून उतरले, बाहेर येऊन मी जागेवर आहे की नाही ते बघितलं, स्टूल परत कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, आता उद्या करू, तुझं लक्ष नाही. त्या दिवशी आम्ही मेणबत्तीच्या उजेडात जेवलो.

हे म्हणजे आमचे यजमान. धुलाईच्या कारखान्यात वायरमन आहेत. मीही तिथेच, इस्त्रीच्या विभागात. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे, सगळं ट्रकने आमच्याकडे येतं. एका हॉलमध्ये खोलीएवढी धुण्याची यंत्रं, मध्ये पिळायची आणि सुकवायची, आणि आमच्या हॉलमध्ये रोलरची मोठी इस्त्री. दोघी बायका एका बाजूने ओलसर चादर आत देतात, दोघी दुसऱ्या बाजूने कडक होऊन आलेली घडी करतात. वर वायरी, खाली पाणी, मधे आम्ही. अशा ठिकाणी वायरमनने जपून राहावं, हे मला मान्य आहे. मी काही अडाणी नाही. पण जपण्यालासुद्धा काही माप असतं की नाही? अति तेथे माती.

यांचं बघा. रबरी हातमोजे घालायच्या आधी रोज त्यांचा फुगा करतात. मनगटाकडून गुंडाळत आणायचं, आत हवा कोंडायची आणि तो फुगा कानाशी धरून उभं राहायचं, कुठे फुस्स होतंय का ऐकत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणूस कामातून गेला. टेस्टरचंही तसंच. आधी चालू जागी लावून तो पेटतो का बघायचं, मग बंद जागी लावायचा, मग पुन्हा चालू जागी, मधल्या मधे टेस्टरच बिघडला नाही ना म्हणून. मी एकदा म्हटलं, माझ्याशी लग्न करतानासुद्धा तीनदा तपासलंत का? तर म्हणाले, तेव्हा एवढी अक्कल नव्हती.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ते कुलूप. मशीनला हात लावायच्या आधी हे भिंतीवरच्या बोर्डाचा दांडा खाली ओढतात. दांड्याला एक भोक आहे. त्या भोकात यांचं स्वतःचं कुलूप बसतं आणि चावी शर्टाच्या आतल्या खिशात जाते. मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप, यांचं काम होऊन हे स्वतः येऊन कुलूप काढेपर्यंत ते मशीन मेलेलं. कुलूप विकत आणलं तेव्हा त्याच्याबरोबर दोन चाव्या होत्या. हे मागच्या दाराशी दगडावर बसले, छिन्नी घेतली, हातोडा घेतला आणि दुसऱ्या चावीचे दोन तुकडे केले. नवी कोरी चावी. तेव्हा सासूबाई होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. लहानपणी असा नव्हता गं हा, म्हणाल्या.

तेव्हापासून कारखान्यात यांना नावाने कोणी हाक मारत नाही. कुलूपराव म्हणतात. आणि मी आपोआपच कुलूपवहिनी. एक साधी वायर ढिली झाली असली तरी दांडा खाली, कुलूप, फुगा, टेस्टर, आणि आम्ही चौघी हातावर हात ठेवून बसलेल्या. चादरींचा ढीग वाढत जातो, वाढलेला ढीग आम्हालाच संपवायचा असतो, आणि बोलणी मला. सांग की गं तुझ्या नवऱ्याला. तुझं ऐकत नाही? घरी पण कुलूप लावतो का गं? माझ्याबरोबर चादर धरणारी जोडीदारीण तर एवढी फटकळ, की एकदा म्हणाली, तुमच्या मुलीला कुलूपरावांनी दोनदा चालू जागी आणि एकदा बंद जागी टेस्टर लावूनच शाळेत घातलं असेल. सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार? पण मनातून माझा तिळपापड होत होता.

घरी मी हे कानीकपाळी ओरडून सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी. हे डबा धुवायला ठेवायचे आणि म्हणायचे, बरं.

मागच्या वर्षी मात्र हद्द झाली. यांनी इस्त्रीच्या दुरुस्तीचं काम सकाळी संपवलं, आणि तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्या मालकाचं दुसरं धुलाई केंद्र आहे, तिथून यांना तातडीचं बोलावणं आलं. हे गेले आणि कुलूप काढायचं विसरले. विसरले! जगाला तीन-तीनदा तपासायला सांगणारा माणूस. सुपरवायझरने फोन केला. त्याला आम्ही घाईसाहेब म्हणतो, कारण त्याला प्रत्येक गोष्ट काल हवी असते. तो म्हणाला, काम झालंय ना, मग चावी ड्रायव्हरच्या हाती पाठवा, गाडी येतेच आहे इकडे. यांनी नाही म्हटलं. चावी कोणाच्या हाती द्यायची नसते, मी येतो. आणि आले की हो, दोन बस बदलून! दोन तास! कुलूप काढलं, आम्हा सगळ्यांची हात जोडून माफी मागितली आणि पुन्हा दोन बस बदलून तिकडे गेले. आम्ही त्या दिवशी दिवे लागेपर्यंत चादरी ओढत होतो. जोडीदारणीचं लेकरू शाळेतून येऊन बंद दाराबाहेर बसून राहिलं होतं. त्या दिवशी ती मला टोमणेही मारत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रविवारी यांचे कपडे धुवायला घेतले, शर्टाच्या खिशात चावी होती. मी ती उचलली, कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेले आणि म्हटलं, अशीच दुसरी करून द्या. कशाची आहे, त्याने विचारलं. कपाटाची, मी म्हटलं. दहा मिनिटांत चावी तयार. हे आंघोळीहून बाहेर यायच्या आत यांची चावी खिशात आणि माझी चावी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. मला अजिबात अपराधी वाटलं नाही. उलट वाटलं, चला, घरात एक तरी शहाणं माणूस आहे. अडीअडचणीला असावी. ताकास तूर लागू दिली नाही मी कोणाला, फक्त जोडीदारणीला सांगितलं. तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

आता घड्याळाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यांच्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ असतं. विजेचं काम करताना अंगावर धातू नको, म्हणून हे घड्याळ काढतात. खिशात ठेवलं तर वाकताना पडतं, म्हणून कुलपालाच अडकवून ठेवतात. इतकी वर्षं बघून बघून आम्हा सगळ्यांना ती सवयच झाली होती. कुलपावर घड्याळ म्हणजे कुलूपराव आत आहेत. नुसतं कुलूप, घड्याळ नाही, म्हणजे स्वारी काम आटपून निघून गेली आणि कुलूप विसरली. 'माणूस काम करत आहे' अशी पाटीही तिथे असते, पण ती बारा महिने लटकलेली, तिच्याकडे कोण बघतंय? आम्ही घड्याळ बघायचो.

या वर्षी एके दिवशी सकाळी यांच्या घड्याळाच्या पट्ट्याची पिन तुटली. माझी पाळी यांच्या आधी सुरू होते आणि आधी सुटते, आणि परतताना घड्याळवाला माझ्याच वाटेवर. हे म्हणाले, तेवढं येताना दुरुस्तीला टाक. मी भांडलेच. मीच टाकायचं, मीच आणायचं, तुमचे हात काय फक्त फुगे फुगवायला? घड्याळ घेतलं, पर्समध्ये कोंबलं आणि चालू लागले. बसमध्ये चढेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलंसुद्धा. राग मात्र राहिला होता.

अकराच्या सुमाराला इस्त्री दोनदा बंद पडली. हे आले, दांडा खाली, कुलूप. मशीनच्या मागे, भिंत आणि रोलर यांच्यामधे जेमतेम माणूस आडवा होईल एवढी फट आहे. तिथे खाली हीटरच्या वायरी जोडलेल्या असतात. बोर्ड मात्र हॉलच्या या टोकाला, खांबाआड. बोर्डापाशी उभं राहिलं की मागे कोण आहे ते दिसत नाही, आणि पलीकडची सुकवायची यंत्रं अशी घरघरतात की हाक मारली तरी ऐकू जात नाही.

आम्ही बसलो. साडेबारा झाले. बाहेर हॉस्पिटलचा ट्रक उभा, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी डोकावतोय. दुपारच्या ऑपरेशनांना चादरी नाहीत म्हणून तिकडून फोनावर फोन. घाईसाहेब आला तो लालबुंद होऊन. म्हणाला, कुलूपराव कुठे आहेत? मी त्यांना मघाशी गेटपाशी बघितलं, स्टोअरकडे चालले होते. चहाला गेले असणार. त्याने दोन हाका मारल्या, उत्तर नाही. मग खांबाआड जाऊन आला आणि म्हणाला, हे बघा, नुसतं कुलूप. घड्याळ नाही. पुन्हा विसरले!

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जोडीदारीण माझ्या कानाशी लागली, म्हणाली, आज नाही तर कधी? कशाला केलीस मग ती? लोणचं घालायला?

मला सांगा, त्या वेळी तुम्ही काय केलं असतं? मला मागच्या वर्षीचे ते दोन तास आठवले, बाहेर बसलेलं तिचं लेकरू आठवलं, सकाळचं भांडण आठवलं. म्हटलं, पुरे झाला यांचा शहाणपणा. टेबलाखालच्या खिळ्यावरून पर्स काढली, खांद्याला लावली आणि आतला कप्पा चाचपत बोर्डाकडे निघाले. घाईसाहेब माझ्या मागे. चावी मिळाली. मी स्वतः बघितलं, कुलपावर घड्याळ नव्हतं. चावी घातली. नवी चावी, कधी लावून बघितलेली नव्हती, मला वाटलं अडेल. कसली अडतेय. त्या चावीवाल्याच्या हातात कला होती, मेल्याच्या. अर्ध्या वळशात कुलूप उघडलं.

मी ते दांड्यातून काढलं. दांडा जड आहे, वर ढकलायला दोन्ही हात लागतात, म्हणून कुलूप पर्समध्ये टाकलं.

खण्ण असा आवाज झाला. काचेवर लोखंड आपटल्याचा.

पर्समध्ये काच कसली, म्हणून मी बघितलं. यांचं घड्याळ होतं. तुटक्या पट्ट्याचं. काचेला तडा गेला होता आणि सेकंदाचा काटा चालू होता.

मी मशीनकडे बघितलं. तेवढ्यात घाईसाहेब म्हणाला, काय झालं, सरका, मी करतो, आणि त्याने दांड्याला हात घातला. मी त्याला ढकललं. सुपरवायझरला, हो, असं दोन्ही हातांनी ढकललं की तो खांबावर गेला. कुलूप पर्समधून काढलं, ते भोक काही सापडेना, सापडलं, दाबलं, टक्क वाजलं. मग म्हटलं, "आत माणूस आहे."

तो म्हणाला, घड्याळ नाहीये ना. मी ते त्याच्या नाकासमोर धरलं.

मग मी धावले. मशीनला वळसा घालून मागे गेले. भिंतीच्या फटीतून यांचे दोन पाय बाहेर आलेले, बाकीचा माणूस आत, खांद्यापर्यंत हात हीटरच्या पेटीत. स्टोअरमधून हवं ते आणून हॉलच्या मागच्या दाराने केव्हाच परत आले होते. मी तिथे उभी राहिले. यांचे पाय हलले, तेव्हा मी जवळ गेले.

"कोण आहे? ती पक्कड जरा इकडे सरकव," हे आतून म्हणाले.

मी पक्कड सरकवली. यांचा हात बाहेर आला, पक्कड घेतली, आत गेला. हातमोज्यातला हात. माझ्या चपला बघून यांनी ओळखलं असावं, कारण म्हणाले, अगं, तू आहेस होय, इथे उभी राहू नकोस, ओलं आहे, घसरशील. मी तिथेच उभी राहिले. मी घसरेन याची काळजी करत होता हा माणूस.

वीस मिनिटांनी हे बाहेर आले, हात पुसले, पुढे जाऊन पुन्हा सगळं तपासलं आणि कुलूप काढायला बोर्डापाशी गेले. तिथे थांबले. यांनी आपल्या कुलपावर लाल रंगाचा ठिपका काढलेला आहे, तो नेहमी समोर असतो. घाईघाईत मी कुलूप उलटं लावलं होतं, ठिपका भिंतीकडे. यांनी बोटाने कुलूप फिरवून ठिपका बघितला. मग वळून हळू आवाजात विचारलं, "याला कोणी हात लावला?"

घाईसाहेब छताकडे बघायला लागला. जोडीदारीण चादरीची घडी करायला लागली, चादर नसताना. मी म्हटलं, "मी." आणि चावी पुढे केली.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान मलाही ओरडता आलं असतं. पण नाही. चावी घेतली, आपल्या चावीशेजारी धरून बघितली, खिशात टाकली. कुलूप काढलं, दांडा वर केला, मशीन सुरू झालं. आणि मग हा माणूस ऑफिसात गेला आणि मेंटेनन्सच्या वहीत लिहून आला. बारा चाळीसला इस्त्रीचं कुलूप दुसऱ्या चावीने उघडण्यात आलं, आत माणूस असताना. उघडणाऱ्याचं नाव. माझं. आडनावासकट, जे त्यांचंही आडनाव आहे!

मॅनेजरने बोलावलं. मला तीन दिवस घरी बसा म्हणून पत्र मिळालं. घाईसाहेबालाही मिळालं, आणि त्याने दांड्याला हात घातला होता म्हणून त्याला आठवडाभराचं. पण त्याची बायको काही कुलूपराव नव्हती. माझं पत्र घेऊन मी घरी आले, हे मागून आले, आणि मी दार लावायच्या आधीच सुरू झाले. स्वतःच्या बायकोचं नाव वहीत लिहिताना हात कापला नाही तुमचा? दुसरं कोणी असतं तर समजुतीने मिटवलं असतं! हे चपला काढत म्हणाले, दुसरं कोणी असतं तरी लिहिलंच असतं. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे कामावरून आले, मागच्या दाराशी दगडावर बसले. छिन्नी, हातोडा. माझी चावी दगडावर ठेवली. मी भांडी घासत होते, मुद्दाम आवाज करत. यांनी चावीचे दोन तुकडे केले. मग म्हणाले, या सगळ्यात माझीही चूक आहे. मी घड्याळ लटकवायला नको होतं. लोक कुलपाऐवजी घड्याळ बघायला लागले, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. उद्यापासून घड्याळ घरी ठेवून जाईन.

म्हणजे बघा. मी मरणाची शरमलेली, आणि हा माणूस घड्याळाच्या चुका काढत बसलाय. मला एवढा राग आला की मी हातातलं पातेलं आपटलं आणि त्याच रागात रडायला लागले. म्हटलं, "घड्याळ राहू द्या. मी तुम्हाला मारलं असतं."

"हो," हे म्हणाले.

नुसतं हो. नाही गं, असं काही झालं नसतं, असं म्हणायला काय जात होतं? पण यांना खोटं बोलता येत नाही. मग हातोडा बाजूला ठेवला आणि आपल्या उस्तादाची गोष्ट सांगितली. ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले, त्यांच्या शर्टाची उजवी बाही रिकामी असायची, हे मला माहीत होतं. लग्नात मी त्यांना बघितलं होतं, डाव्या हाताने आशीर्वाद दिला होता. कशी रिकामी झाली ते यांनी बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. उस्ताद खांबावर होते आणि खाली त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. लाडका. चहा निवतोय, काम झालंच असेल, म्हणून त्याने स्विच लावला. तो भाऊ पुढे जन्मभर उस्तादांना आंघोळ घालायचा.

"परका माणूस कशाला हात लावील गं?" हे म्हणाले. "त्याला काय पडलंय? हात आपलीच माणसं लावतात. मला उशीर होऊ नये, माझं नाव खराब होऊ नये, म्हणून. कुलूप तुझ्यासाठीच होतं."

मी नळ बंद केला आणि यांना चहा ठेवला.

चौथ्या दिवशी कामावर गेले. वाटलं होतं, बायका तोंड लपवतील किंवा माझी चेष्टा करतील. जोडीदारीण माझ्या गळ्यात पडली. कशाला केलीस मग ती, हे तिचेच शब्द होते, आणि ते तिलाही आठवत होते. मॅनेजरने नवीन नियम काढला होता. बोर्डाच्या दांड्याला आता सहा भोकांची पट्टी लावली आहे. रोलर पुसायला, अडकलेली चादर काढायला, कशालाही जी कोणी मशीनमध्ये हात घालील तिने आधी आपलं कुलूप लावायचं. प्रत्येकीला एक कुलूप, एक चावी. दुसऱ्या चाव्या मॅनेजरच्या टेबलावर, सगळ्यांच्या समोर, आमच्या कुलूपरावांनी तोडल्या. चेहऱ्यावर असं समाधान की जणू घरचं कार्य होतं. माझ्या कुलपावर मी निळा ठिपका काढला आहे. परवा मी जेवायला गेले आणि कुलूप काढायला विसरले, तर जोडीदारीण जिने उतरून मला शोधत आली, चावी मागायला नाही, मला न्यायला. वाटेत तिने मला आणि माझ्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या.

माझा राग गेला म्हणता? अजिबात नाही. हे अजून मोज्यांचे फुगे करतात, अजून मला तीनदा विचारतात गॅस बंद केलास का. घड्याळ आता घरीच असतं, तडा गेलेल्या काचेचं. काच बदलून आणते म्हटलं तर म्हणाले, चालतंय ना, राहू दे. रोज भिंतीवरच्या खिळ्याला ते बघायचं मला. वाद घालायची सोय नाही.

काल स्वयंपाकघरातला बल्ब गेला. मेन स्विच खाली, पंखा बंद, फ्रिज बंद, कणीक अर्धी मळलेली. हे स्टूल घेऊन आत गेले आणि मी पिठाच्या हातांनी मेन स्विचपाशी उभी राहिले. एक मिनिट झालं. आतून यांचा आवाज आला नाही. कदाचित टेस्टर तोंडात धरला असेल, कदाचित जुना बल्ब अडकला असेल.

"आहात ना?" मी ओरडले.

"आहे गं," आतून आवाज आला. "बल्ब काढतोय. कुठे जाणार?"

मी दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा विचारलं.